गाण्यांच्या चित्रफितींतील स्त्री : दोष कोणाच्या डोळ्यात?

मन्नाएखेळ्ळी हे गाव बीदर जिल्ह्यात, पुण्याहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. येथे कन्नड, मराठी, तेलुगू व उर्दू अशा चारही भाषा कानांवर पडतात, आणि वरातीतही अनेक भाषांतील गाणी वाजतात. पूर्वी गाणे केवळ ऐकू येई. आता ते प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर दिसते. काही वर्षांपूर्वी या परिसरातील एका मंडळीच्या नाताळच्या कार्यक्रमात आठ-नऊ वर्षांच्या मुलींनी एका चित्रपटगीतावर नाच केला. कमरेचे झटके, ओठांचे हावभाव, सारे चित्रफितीतून जसेच्या तसे उचललेले होते. मोठी माणसे हसली. नंतर तक्रारी आल्या. पुढील रविवारी प्रस्तुत लेखकाने मुलींच्या पोशाखावर उपदेश केला. तो उपदेश ज्यांना करावयास हवा होता त्यांना केला गेला नाही, असे आज वाटते. त्या जाणिवेतूनच हे विवेचन करीत आहे.

एक उदाहरण घेऊ. २००६ साली आलेल्या ‘जत्रा’ या मराठी चित्रपटात अजय-अतुल यांनी संगीत दिलेले ‘कोंबडी पळाली’ हे गाणे आहे. तीच चाल त्याच संगीतकारांनी २०१२ साली ‘अग्निपथ’ या हिंदी चित्रपटात ‘चिकनी चमेली’ या गाण्यासाठी वापरली. पहिल्या गाण्यात थट्टामस्करी आहे, शृंगारही आहे. परंतु पुरुष आणि स्त्री तेथे बरोबरीने नाचतात व दोघेही हास्याचा विषय होतात. दुसऱ्या गाण्यात एक स्त्री मद्यधुंद पुरुषांच्या घोळक्यात नाचते, आणि कॅमेरा तिच्या मुद्रेपेक्षा कमरेवर व पाठीवर अधिक रेंगाळतो. चाल तीच, बदलले ते पाहणाऱ्याचे स्थान. घोळक्यातील पुरुषांच्या जागी आपल्याला नेऊन बसविले जाते.

हे गाणे गाणाऱ्या श्रेया घोषाल यांनी २०२५ साली एका मुलाखतीत सांगितले की, पाच-सहा वर्षांच्या मुली अर्थ न कळता हे गाणे म्हणतात तेव्हा आपल्याला संकोच वाटतो. गायिकेला जे उमगले ते आपल्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांना उमगू नये, ही खेदाची गोष्ट होय.

कोणी म्हणेल, लावणी तरी दुसरे काय करीत होती? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. लावणी-तमाशाच्या परंपरेत विशिष्ट जातींच्या स्त्रियांचे शोषण झाले, हे नाकारता येणार नाही. तरीही वाईच्या यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या कलावतीची लावणी मुख्यतः चेहऱ्याने आणि हातांनी बोले. तेथे स्त्री पाहणाऱ्याकडे उलट पाहू शकत असे. त्याची टवाळीही करू शकत असे. यमुनाबाईंना २०१२ सालीच पद्मश्री मिळाली. एकाच वर्षी एका कलावतीचा असा सन्मान झाला, आणि नऊवारीच्या धर्तीचाच पोशाख पडद्यावर निराळ्या कामी आला. म्हणून दोष शृंगाराला देता येत नाही. दोष आहे तो स्त्रीचे तुकडे करून, तिला चेहऱ्यावेगळी करून विकण्यात.

पवित्र शास्त्राने शृंगाराला बाहेर ठेवलेले नाही. गीतरत्नात स्त्रीच्या अवयवांचे वर्णन आहे (४:१-७). पण त्याच ग्रंथात ती स्त्रीही पुरुषाच्या अवयवांचे तितकेच सविस्तर वर्णन करते (५:१०-१६). आरंभीचा उद्गार तिचा आहे. ती स्वतः शोधावयास निघते (३:१-४), आणि दार उघडण्यास कुरकुरतेही (५:३). चित्रफितीतील स्त्रीच्या तोंडीही ‘मी’ असतो, परंतु तो ‘मी’ गिऱ्हाइकाला हवे तेच बोलतो. ‘चिकनी चमेली’चे शब्दही एका पुरुषाने लिहिलेले आहेत. तिला नकार देता येतो काय, हा प्रश्न आपण प्रत्येक गाण्याला विचारावा.

कायद्याचा आधार येथे मर्यादित आहे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणास मनाई करणारा १९८६ चा अधिनियम चित्रपट-प्रमाणनाच्या कक्षेत येणाऱ्या चित्रपटांना सूट देतो. शेजारच्या तेलंगणातील राज्य महिला आयोगाने मार्च २०२५ मध्ये चित्रपटगीतांतील अश्लील नृत्याबद्दल निर्मात्यांना समज दिली, हे स्वागतार्ह आहे. तथापि मोबाइल हातात घेणाऱ्याच्या अंतःकरणापर्यंत आयोग पोहोचू शकत नाही. तेथे पोहोचणे हे आपले काम आहे. मत्तय ५:२८ मध्ये प्रभूने स्त्रीच्या वस्त्राविषयी एक शब्दही काढला नाही. जबाबदारी त्याने पाहणाऱ्यावर टाकली. आपण मात्र हे वचन तरुण मुलांना क्वचितच शिकवितो, आणि मुलींना पदर सावरण्यास सांगून मोकळे होतो.

मार्क ६ मध्ये हेरोदाच्या मेजवानीत हेरोदियेची मुलगी नाचते. चित्रकारांनी व उपदेशकांनी तिला मोहिनी बनविले. पण शुभवर्तमानकार तिच्या नाचाचे वा वस्त्राचे वर्णन करीत नाही. तो सांगतो ते मेजवानीतील सरदार-प्रतिष्ठितांविषयी, राजाच्या उतावळ्या शपथेविषयी आणि मुलीला वापरून घेणाऱ्या आईविषयी. तिच्यासाठी त्याने जो ग्रीक शब्द योजला आहे, ‘कोरासियॉन’, म्हणजे लहान मुलगी, तोच शब्द आदल्याच अध्यायात याईराच्या बारा वर्षांच्या कन्येसाठी आला आहे. एका मुलीला प्रौढ पुरुषांनी भरलेल्या सभागृहात नाचविले जाते. दुसरीच्या बाबतीत येशू गर्दीला बाहेर घालवितो, तिचा हात धरून उठवितो, आणि तिला काही खावयास द्या असे सांगतो.

आपल्या मंडळीतील मुली या दोन घरांपैकी कोणत्या घरात आहेत, हे पाळकाने व धर्मशिक्षकाने पाहिले पाहिजे. तरुण संघाच्या सभेत अशी एखादी चित्रफीत आवाज बंद करून काही क्षण दाखवावी आणि मुलांना विचारावे : हिचा चेहरा किती वेळ दिसला? हे दृश्य कोणासाठी रचले आहे? नाताळच्या नाचाची गाणी निवडताना मुलींच्या माता व शिक्षिका यांना सोबत घ्यावे. मुलींचा नाच बंद करू नये. नाचणे हा त्यांचा आनंद आहे. आणि ज्यांनी मुलींना बोल लावला त्यांनी त्यांची क्षमा मागावी. प्रस्तुत लेखकाने ती मागितली आहे. त्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत. त्यांतील एकीने एवढेच विचारले, “त्या दिवशी हसणाऱ्यांना आपण काय सांगितलेत?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.