उच्च प्रारण-मात्रेचे मापन आणि धातु-सेंद्रिय चौकटी : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
धातूचे आयन अथवा समूह आणि सेंद्रिय दुवे यांच्या जोडणीतून घडणाऱ्या सच्छिद्र स्फटिकांना धातु-सेंद्रिय चौकटी म्हणतात. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन व ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्याने हे क्षेत्र सर्वतोमुखी झाले. उच्च मात्रेच्या प्रारणाचे शोधक म्हणूनही या पदार्थांचा पुरस्कार केला जातो. हा दावा कितपत टिकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
एक ग्रे म्हणजे एका किलोग्रॅममध्ये शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा. सर्वांगास एकाच वेळी ४ ते ५ ग्रे मात्रा मिळाल्यास उपचाराअभावी सुमारे निम्म्या व्यक्ती दगावतात. शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या निर्जंतुकीकरणासाठी मात्र रूढीने २५ किलोग्रे मात्रा देतात. ट्रॉम्बे येथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या आयसोमेड प्रकल्पाने हे तंत्र आपल्याकडे रुजविले. येथे मात्रा कमी पडली तर जंतू उरतात, अधिक झाली तर प्लॅस्टिक ठिसूळ होते. म्हणून मापनातील चूक थेट रुग्णापर्यंत पोहोचते.

या चौकटींच्या बाजूने मुख्यतः दोन गुण सांगितले जातात. पहिला, प्रारणाने सेंद्रिय दुव्यांत मुक्त मूलके निर्माण होऊन रंग अथवा प्रदीप्ती बदलते. दुसरा, थोरियमसारखे जड धातू क्ष-किरण उत्तम शोषतात. पहिला गुण मोलाचा आहे. परंतु रंग बदलणे म्हणजे मोजणे नव्हे. रंग बदलणारी चिठ्ठी वस्तूवर प्रारण पडले एवढेच सांगते, ते किती पडले हे खात्रीने सांगत नाही. दुसरा गुण तर येथे दोषच ठरू शकतो. कोबाल्ट-६० च्या १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांबाबत कॉम्प्टन विकिरण प्रभावी असते. तेथे जड अणूंचा लाभ फारसा उरत नाही. उलट कमी ऊर्जेच्या किरणांना असा पदार्थ वाजवीपेक्षा अधिक प्रतिसाद देतो. क्ष-किरण यंत्रावर मिळालेले यश गॅमा प्रकल्पास जसेच्या तसे लागू करणे म्हणूनच सयुक्तिक नाही.

अ‍ॅलनिन हे साधे अमिनो आम्ल या कसोटीवर उजवे ठरते. त्याची घडण पाण्याच्या जवळची, त्यातील मूलके दीर्घकाळ टिकणारी आणि त्याचा पल्ला सुमारे १० ग्रे ते १०० किलोग्रे इतका विस्तृत आहे. मात्र त्याच्या वाचनास महागडे इलेक्ट्रॉन चक्रण अनुनाद उपकरण लागते. नव्या चौकटींना खरा वाव आहे तो येथेच.

निष्कर्ष :
चौकट टिकावी आणि तिचा एक घटक मात्र मोजून बदलावा, ही या पदार्थांकडून असलेली अपेक्षा आहे. धातू व दुवा स्वतंत्रपणे निवडता येत असल्याने ती अशक्य नाही. तथापि मात्रा-दर, तापमान, आर्द्रता, साठवणीतील रंगक्षय आणि अ‍ॅलनिनशी तुलना यांची आकडेवारी दिल्याखेरीज अशा पदार्थास 'मात्रामापक' म्हणू नये. तोवर 'सूचक' हीच संज्ञा न्याय्य होय.