खाऱ्या हवेतली मॉरिस मायनर

बहरीनमध्ये नोव्हेंबर १९६७पर्यंत गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या अंगाने धावत. त्या जमान्यातली, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली एखादी मॉरिस मायनर वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहून जाम झाली आहे, असं समजू. अ‍ॅलेक इसिगोनिसने आखलेली ही गुबगुबीत गाडी १९४८मध्ये आली; दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने हीच ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून रस्त्यावर आणली. रंगवून चकचकीत केलेल्या मायनरचं कौतुक करायला सगळेच असतात. मला जास्त रस आहे तो त्याआधीच्या अंकात: कुजका पत्रा, न हलणारा बोल्ट आणि त्यांच्याशी झुंजणारा मिस्त्री.

या अंकातला खलनायक मोठा मायावी आहे. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, बहरीनमध्ये जेमतेम ७०-८०. इतक्या कोरड्या देशात लोखंड सुखात राहावं, असं आपल्याला वाटतं. पण बेटाला चारी बाजूंनी समुद्राचा वेढा, किनाऱ्यालगतची जमीनही खारट. तिची धूळ वाऱ्यावर उडून गाडीच्या फटीफटीत जाऊन बसते. रात्री पत्रा हवेपेक्षा थंड होतो, दमट हवेतलं पाणी दव होऊन त्यावर उतरतं आणि ते मीठ विरघळतं. आपला पावसाळा गाडी कुजवतो, तशी धुऊनही काढतो. तिथे धुणारं कोणीच नाही. म्हणून या गाडीचा गंज वाचताना नजर तळाकडे जावी तशीच वरही जावी लागते: छपराच्या कडेची पन्हळ, काचेच्या रबराखालची कड, दाराच्या बिजागऱ्या.

आता बोल्ट. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो आणि आट्यांमध्ये तेवढी जागा नसतेच. नट आणि बोल्ट एकमेकांत पाचर ठोकल्यासारखे अडकतात ते यामुळे. नवशिका पान्याला लांब पाइप लावून ओढतो आणि बोल्टचं मुंडकं हातात येतं. उस्तादाची सुरुवात बघायला अगदीच साधी: तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करायचे, पेनिट्रेटिंग ऑइल सोडायचं, हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि मग चक्क थांबायचं. ठोक्यांनी गंजाचा थर तडकतो, तेल त्या तडांतून आत झिरपतं. नंतरची चाल मला सगळ्यांत देखणी वाटते. पाना आधी आवळायच्या दिशेला किंचित दाबायचा, मग सैल करायच्या दिशेला जरासा, पुन्हा थोडा मागे. प्रत्येक फेरीत गंजाची भुकटी तेलात मिसळून बाहेर येते आणि बोल्ट कण्हत का होईना, हलतो.

एवढ्यानेही ऐकलं नाही तर आग. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण आपण गरम पाण्याखाली धरतो, तेच शास्त्र: तापवायचा नट, बोल्ट होईल तितका गार ठेवायचा. पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी जवळ असेल तर मात्र ज्योत पेटवायचीच नाही. आणि स्टड तुटलाच, तर त्याच्या तोंडावर नवा नट वेल्ड करतात. पकडही मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची मिठीही सैल होते.

इंजिनाच्या बाबतीत वाचनाची खरी परीक्षा होते. चारही सिलिंडर सारखे गंजत नाहीत. गाडी शेवटची बंद झाली तेव्हा ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात दमट हवा शिरत राहते; पिस्टनच्या रिंगा बहुधा तिथेच भिंतीला धरतात. मिस्त्री प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल ओततो आणि वाट बघतो. दिवस जातात, कधी आठवडे. मायनरला पुढून हँडल लागतं. ते अगदी हळू मागेपुढे झुलवायचं. गाडी ओढून इंजिन सोडवायची घाई केली तर रिंगा मोडतात, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पत्र्याचं काम सगळ्यांत कठीण, कारण तिथे लपवायला जागा आहे. मायनरला वेगळी चासी नाही. तिचं बळ फरशीत, दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत आणि टॉर्शन बारची मागची टोकं पेलणाऱ्या आडव्या तुळईत. या पोकळ्या आतून गंजतात. हातोडीने टकटक केली की खणखणीत आवाज येतो किंवा भद्द. भद्द आला तर पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. तिथे लांबी भरून रंग मारणं म्हणजे पुढच्या मालकाच्या जिवाशी खेळ.

बहरीनमध्ये मात्र गंज खरवडून काम संपत नाही. क्षार गंजाच्या बारीक खळग्यांत तळाशी दडून बसतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. वर रंग चढवला की त्याखाली पुन्हा फोड येतात. म्हणून खरवडायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, पुन्हा धुवायचं. शेवटचं पाणी बॅटरीत घालतात तसं डिस्टिल्ड. समुद्रातून काढलेल्या लोखंडी वस्तू संग्रहालयं महिनोन्‌महिने अल्कधर्मी द्रावणात बुडवून ठेवतात, त्यामागेही हेच कारण. या धुण्याचा पुरावा तयार गाडीवर कुठेच दिसत नाही. फोटोत येत नाही, बक्षिसात मोजला जात नाही, आणि तरी गाडीचं पुढचं आयुष्य त्यावरच ठरतं.

म्हणून माझ्या लेखी या कलेचा कस दोन गोष्टींत लागतो: मूळ धातू किती वाचवला आणि न दिसणाऱ्या जागी किती प्रामाणिकपणे काम केलं. जुनी गाडी घ्यायची असेल तर रंगाच्या चमकीला भुलू नका. बिजागऱ्यांच्या स्क्रूच्या खाचा शाबूत आहेत का ते बघा, फरशीवरची मॅट उचलून टकटक करा, आणि मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा: पत्रा किती वेळा धुतला?