बाटलीतली विकरे आणि तळ्यातले पाणी

एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंब्याच्या साली आणि दहा भाग पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरायचे, अधूनमधून झाकण सैल करून वायू सोडायचा आणि तीन महिन्यांनी द्रावण गाळून घ्यायचे. ‘बायो-एन्झाइम’ या नावाचा हा उपक्रम अनेक शाळांत आवडीने केला जातो. या द्रावणाने फरशी निघते, हे खरे. पण ते तळ्यात ओतले की प्रदूषण नाहीसे होते आणि बाटलीतून ओझोन बाहेर पडतो, असेही सांगितले जाते. हे दावे विज्ञानाच्या तासाला तपासायला हवेत.

ओझोनचे उत्तर सोपे आहे. किण्वनात निघणारा वायू कार्बन डायऑक्साइड असतो. तो चुन्याच्या निवळीत सोडून पाहावा, निवळी दुधाळ होते. बाटलीत साखरेपासून अल्कोहोल आणि मग असेटिक, लॅक्टिक अशी आम्ले तयार होतात. द्रावणाचा सामू 3 ते 4 च्या आसपास येतो. थोडी विकरेही असतात. पण डाग त्यांनी काढला की आम्लाने?

विकर मोठे चोखंदळ असते. जपानमधील साकाई येथे सापडलेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जिवाणूचे विकर बाटल्यांच्या पीईटी प्लास्टिकमधील एस्टर बंध तोडते. पिशव्यांच्या पॉलिथिनमध्ये असे बंध नसतात, त्यामुळे तिथे त्याचे काही चालत नाही. फ्रान्समधील संशोधकांनी सुधारलेल्या दुसऱ्या एका विकराने 10 तासांत 90 टक्के पीईटी तोडले, हे 2020 साली जाहीर झाले; पण त्यासाठी प्लास्टिक आधी बारीक करावे लागले आणि तापमान 72 अंश सेल्सिअस ठेवावे लागले. म्हणजे कोणता बंध, कोणते तापमान, कोणता सामू आणि शेवटी काय उरते, हे चार प्रश्न सुटत नाहीत. ‘बायो-एन्झाइम’चे प्रचारक यांतला एकही प्रश्न विचारत नाहीत. शिसे आणि पारा ही तर मूलद्रव्येच आहेत; ती कोणतेही विकर तोडू शकत नाही.

शेवटचा प्रश्न आरोग्याचा आहे. पॅराथिऑन हे कीटकनाशक शरीरात गेले, की यकृतातील विकरे त्याचे पॅराऑक्सॉन करतात. ते मूळ पदार्थाहून अधिक विषारी असते. पुढे पॅराऑक्सोनेज हे दुसरे विकर त्याचे विघटन करते. एका विकराने विष वाढते, दुसऱ्याने उतरते. तेव्हा पदार्थ बदलला म्हणजे तो निर्विष झालाच, असे नाही.

तळ्यात ओतलेल्या द्रावणातील उरलेली साखर आणि आम्ले हे जिवाणूंचे खाद्यच. ते खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि माशांना तो कमी पडतो. स्वच्छ करायला गेलो आणि भर घातली, असे व्हायचे!

उपक्रम बंद करण्याचे मात्र कारण नाही. त्याचा प्रयोग करावा. थोडे द्रावण झाकण ठेवून दहा मिनिटे उकळावे. विकरे निकामी होतात, आम्ले बरीचशी टिकतात. सारखे डाग पडलेल्या चार फरशांवर साधे पाणी, व्हिनेगर, ताजे द्रावण आणि उकळलेले द्रावण वापरून पाहावे. नंतर तळ्याच्या पाण्याने दोन बाटल्या काठोकाठ भराव्यात, एकीत थोडे द्रावण घालावे, दोन्हींत मेथिलीन ब्लूचे काही थेंब टाकून बुचे घट्ट लावावीत. जिच्यातला निळा रंग आधी उडेल, तिच्यातला प्राणवायू आधी संपला. तळ्यात काही ओतण्याआधी विद्यार्थ्यांनी हा निकाल स्वतःच्या वहीत लिहिलेला असावा.