वामनदादांचा शेवटचा अंतरा

चौदा एप्रिल जवळ आला की भीमगीतांचा पूर येतो. मंडपात, मिरवणुकीत, मोबाइलवर तीच गाणी. नव्या गाण्यांत बाबासाहेबांची थोरवी असते, कोट असतो, संविधान असतं, दणकून वाजणारा ठेका असतो. नसतो तो जाब. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्यांनाच भर सभेत जाब विचारायची सोय भीमगीतात लोककवी वामनदादा कर्डकांनी करून ठेवली होती. ती आता मोडीत निघाल्यासारखी वाटते.

दादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. पोटासाठी मुंबईला आले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, गिरणीत खपले, मिळेल ते काम केलं. समता सैनिक दलात गेले तेव्हाही अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचून द्या म्हणालं आणि वाचता येईना, ती लाज त्यांना झोंबली. मग ओळखीच्या मास्तरांकडून मुळाक्षरं आणि दुकानांच्या पाट्यांवरून जोडाक्षरं, असं त्यांचं शिक्षण झालं. 1943मध्ये पहिलं गाणं रचलं, तेही एका चालू हिंदी गाण्याच्या चालीवरचं विडंबन. तिथून 15 मे 2004ला नाशिकला देह ठेवीपर्यंत माणूस गातच राहिला.

पाटीवरून भाषा शिकलेल्या माणसाचं गाणं कानाला कसं लागतं ते पाहण्यासारखं आहे. ओळ आखूड, शब्द घरातले, यमक मात्र पक्कं. मुखडा असा की कोरसने एकदा उचलला की समोरच्या बायाबापड्यांनी दुसऱ्या खेपेला म्हणावा. अंतऱ्याच्या पहिल्या दोन ओळींत तक्रार किंवा दृष्टांत मांडायचा, तिसरीत श्रोत्याला थोडं ताणून धरायचं आणि चौथीत यमकावर टोला. ढोलकी त्या टोल्याची वाटच बघत असते. गझलेच्या शेरात जी युक्ती असते ती त्यांनी कव्वालीच्या बैठकांतून उचलली असावी. सामन्याच्या फडात, समोरची पार्टी उत्तर द्यायला टपलेली असताना, सैल ओळ टिकत नाही. शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ येतो. संतांच्या अभंगात नाममुद्रा असते, तीच ही रीत. पण हा वामन फक्त सही करत नाही. पुष्कळदा तो तिथं स्वतःला आणि आपल्या माणसांना कोपऱ्यात घेतो.

भीमाच्या विचारांची खरोखर पाच माणसं असती तर आज काय चित्र दिसलं असतं, असं एक गाणं त्यांनी जयंतीच्याच गर्दीपुढे म्हटलं. टाळ्या वाजवणारे आणि टोला खाणारे तेच लोक. दुसऱ्या एका गाण्यात बड्या उद्योगपतींची नावं घेऊन आमचा वाटा कुठाय असा सरळ हिशेब मागितला. जात आणि भांडवल एका मुखड्यात बसवणं भल्याभल्या पुढाऱ्यांना भाषणात जमत नव्हतं.

हे सगळंच सोनं नव्हे. दादांनी हजारोंनी गाणी लिहिली. त्यातली कितीतरी प्रसंगापुरती आहेत, काही नुसतीच विशेषणांची माळ. बाबासाहेबांच्या उपमा सूर्य-चंद्र-सागरात फिरत राहतात तेव्हा कंटाळा येतो. पण रात्रीत दोन गावं करणाऱ्या, मागेल त्याला गाणं लिहून देणाऱ्या माणसाला वेचून ठेवायला सवड कुठली?

वेचायचं काम समीक्षेचं होतं. ‘गोलपिठा’ हा मुक्तछंदातला कवितासंग्रह 1972मध्ये आला, दादांचा ‘वाटचाल’ हा संग्रह 1973मध्ये. पहिल्यावर लेखांचे ढीग पडले आणि पडायलाच हवे होते. दुसऱ्याला लोकप्रिय गीतांच्या खणात टाकून विद्वान मोकळे झाले. मुक्तछंदातला संताप कविता ठरला, यमकातला संताप प्रचार! वस्तीवर ज्या घरांत एकही कवितासंग्रह नव्हता तिथं वामनदादा तोंडपाठ होते, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात तळटीपेत गेली.

दादांच्या मागे तीसच्या दशकातला भीमराव कर्डकांचा जलसा होता आणि त्याच्याही मागे सत्यशोधकी जलसे. पुढे शाहीर विलास घोगरे आले. 1997मध्ये रमाबाई नगरमधल्या पोलिस गोळीबारानंतर त्यांनी गळफास घेतला. संभाजी भगत आले, पुण्यातून कबीर कला मंच आला. मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी 2013मध्ये विधान भवनासमोर गात गात स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केलं. जाब विचारणारं गाणं संपलेलं नाही, पण ते सभागृहात, परिषदेत, माहितीपटात जास्त ऐकू येतं. जयंतीचा रस्ता बाजाराने घेतला. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यूट्यूबवरून घराघरांत गेल्या, म्हणजे साध्या गळ्याची भूक लोकांना आहे. डीजेला मात्र मुखडा पुरतो. अंतरे गळतात, आणि अंतरे गळले की वामनही गळतो, कारण तो शेवटच्या कडव्यात राहतो.

म्हणून निव्वळ संग्रह पुन्हा छापून भागणार नाही. गायकांच्या वह्यांमध्ये, जुन्या कॅसेटींवर एकाच गाण्याचे तीन-तीन पाठ सापडतात. कुणी कडवं गाळलेलं, कुणी घातलेलं, कुणी नावच बदललेलं. तुकोबांच्या गाथेला जी पाठचिकित्सा मिळाली ती या गाण्यांना मिळायला हवी, चालीसकट. दादांबरोबर कोरसला बसलेली माणसं आता वयाने थकली आहेत. विद्यापीठांनी अध्यासनाच्या पाट्या पुढच्या वर्षी लावल्या तरी चालतील. आधी रेकॉर्डर घेऊन या माणसांच्या घरी जावं.