रायगडदर्शनाची परीक्षा

रोपवेमुळें रायगड वृद्धांस व अशक्तांसही सुलभ झाला, हा गुण निःसंशय मोठा. २०२५ सालीं इतर ११ दुर्गांसह तो जागतिक वारशाच्या यादींत आल्यानें गड नीट दाखविण्याची जबाबदारीही वाढली आहे. दर्शनाची प्रत ठरवितांना प्रेक्षकाच्या पदरीं काय पडलें हें पाहावें लागतें. जगदीश्वराच्या देवळाच्या संस्कृत शिलालेखापाशीं आमच्या वाटाड्यानें केवळ इसवी सन सांगून आम्हांस पुढें नेलें. वस्तुतः षट्, नव, बाण, भूमि हे शब्दांक ६, ९, ५, १ असे असून वामगतीनें वाचतां शके १५९६, म्हणजे राज्याभिषेकाचें वर्ष, निघतें. विहिरी, तलाव, राजगृहें व तीं निर्मिणारा हिरोजी यांचाही उल्लेख तेथेंच आहे. हें उलगडून सांगण्यास पांच मिनिटें पुरेत. वाटाड्यांस तें शिकविण्याची व्यवस्था व्हावी, अशी आमची सूचना आहे.