केरिस : मूठ, पाते आणि मूलस्थान

जावा, बाली, सुमात्रा, सुलावेसी या बेटांवरील केरिस नामक कट्यारीविषयी जे लेखन होते त्यात एक रूढी पक्की झालेली दिसते. मूठ पाहावी आणि प्रदेश सांगावा. पिस्तुलाच्या मुठीसारखी वाकलेली मूठ म्हणजे बुगिस. हातांची घडी घालून आखडून बसलेली आकृती, जिला 'जावा देमाम' म्हणजे तापाने फणफणलेला जावी माणूस असे गमतीदार नाव आहे, ती सुमात्रा वा मलायाची. लांब नाकाची मूठ पट्टाणीकडील. सोन्याने मढविलेला राक्षस बालीचा. संग्रहालयांतील चिठ्ठ्या आणि विक्रेत्यांच्या सूची याच न्यायाने लिहिल्या जातात. ही पद्धती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न निराळा आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

केरिसच्या पात्याला बुडाशी 'पेसी' नावाची बारीक शेपटी असते. तिच्याभोवती कापडाचे वेष्टन देऊन ती मुठीत दाबून बसवितात. खिळा मारीत नाहीत. मूठ सहज निघते, दुसरी सहज बसते. शिवाय जावात पाते घडविणारा 'एम्पू' आणि म्यान घडविणारा 'म्रांग्गी' हे दोन स्वतंत्र कारागीर. पाते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, आहेरात वा नजराण्यात दुसऱ्या बेटावर गेलेले, आणि तेथील रिवाजाप्रमाणे नव्याने सजविलेले, असे वारंवार घडले. तेव्हा मूठ व म्यान शेवटच्या धन्याचा प्रदेश सांगतात. पात्याच्या जन्मस्थानाविषयी ती मौन पाळतात. पालीच्या अभ्यासकाला हे नवे नाही. पोथी सिंहली लिपीत आहे एवढ्यावरून तिचा पाठ लंकेचा ठरत नाही. १८०३ पासून अमरपुराहून उपसंपदा घेऊन परतलेल्या भिक्षूंबरोबर ब्रह्मदेशी पाठही लंकेत आले. लिपी ही पोथीची मूठच होय.

मग पात्याकडे वळावे. बालीची पाती सामान्यतः लांब, वजनदार आणि घोटून गुळगुळीत केलेली. जावाची पाती सोमल व लिंबाच्या रसाने काळवंडविलेली, त्यामुळे 'पामोर' म्हणजे धातूच्या थरांची नक्षी उठून दिसते. सुमात्राची 'केरिस पांजांग' सरळ, अरुंद आणि सडपातळ. पण घोटणे व काळे करणे हेही नंतरचे संस्कार. जावी पाते बालीत घोटले गेले तर ते बालीचेच दिसू लागेल. वळणांची संख्या येथे उपयोगी नाही. ती सर्वत्र विषमच असते.

जावी परंपरेने यासाठी 'तांग्गुह' नावाची विद्या उभारली. लोखंडाचा रंग, पोत, बुडाशी बसविलेल्या 'गांजा' या तुकड्याची घडण यांवरून पाते पाजाजारानचे, माजापाहितचे की मातारामचे हे सांगायचे. तांग्गुह या शब्दाचा अर्थच मुळी अंदाज. म्हणजे ती विद्या आपल्या मर्यादेविषयी तिच्या आधुनिक भक्तांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. तिचा दोष असा की माजापाहितची लक्षणे माजापाहितच्या मानलेल्या पात्यांवरून ठरतात आणि त्याच लक्षणांवरून पाती माजापाहितची मानली जातात. हा उघड अन्योन्याश्रय दोष. तो मोडायला कालनिर्देश असलेली पाती हवीत, आणि ती अतिशय विरळ आहेत; क्नाऊड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केरिसवरील शक १२६४ (इ.स. १३४२) हा अंक म्हणूनच मोलाचा.

धातुपरीक्षणाने प्रश्न सुटेल अशी काहींची आशा आहे. सुलावेसीतील लुवूच्या लोखंडात निकेल असते आणि ते जावात जात असे. बौद्ध धर्माधिकारी असलेल्या प्रपंचाने १३६५ मध्ये रचलेल्या काव्यात माजापाहितच्या अंकित प्रदेशांत लुवूचे नाव आहे. पण धातू लुवूचा म्हणून पाते लुवूचे नव्हे. खाण आणि भट्टी यांत समुद्र आहे.

आमच्याकडील काही उत्साही मंडळी राक्षसाकृती मूठ पाहताच तीत वज्रयानाचा भैरव शोधू लागतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की इस्लाम स्थिरावल्यानंतरही चिरेबोनच्या किनाऱ्यावर अशा मुठी घडत राहिल्या. सुकुह येथील पंधराव्या शतकातील शिल्पात भीम लोहाराच्या रूपात पाते घडवितो, ही बाब अशा अनुमानांपेक्षा कितीतरी बोलकी आहे. ज्यांना धर्म शोधायचा आहे त्यांनी तो मुठीत न शोधता भट्टीपाशी शोधावा.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. नेदरलँड्सने मार्च २०२० मध्ये राजपुत्र दीपोनेगोरोची केरिस इंडोनेशियाला परत केली. ओळख पटविताना मुख्य आधार कागदपत्रांचा होता : सेंटोटचे १८३० चे पत्र आणि त्यावरील चित्रकार राडेन सालेह यांची टीप. पत्रात नाव आहे 'नागा सिलुमान'. परत आलेल्या पात्यावर मात्र नागाचे अंग ठळक दिसते, आणि जावी जाणकारांपैकी काहींनी लगेच विचारले की हे रूप 'नागासास्रा' नव्हे काय? सिलुमान प्रकारात नागाचे अंग पात्यात लुप्त झालेले असते. आमच्या मते या आक्षेपाने ओळख खोटी ठरत नाही, कारण केरिसला दिलेले विशेषनाम आणि तिच्या घडणीचे नाव नेहमी एकच असते असे नाही. पण शंका फेटाळताना तेवढ्यावर भागत नाही. दीपोनेगोरोच्या काळी सिलुमान हा शब्द कोणत्या घडणीसाठी वापरीत, हे त्या काळच्या जावी लेखांतून दाखवावे लागेल. चिठ्ठीवर सध्या पाते, मूठ आणि म्यान यांसाठी एकच ओळ लिहितात. तिथे तीन ओळी असाव्यात, आणि प्रत्येकीपुढे आधार कशाचा तेही.