समुद्रातील प्लॅटफॉर्मवरील उभा लाँचर : एका अभिकल्पाची चिकित्सा

बीजसंज्ञा : पाइपलाइन, पिग, लाँचर, राइझर, अंतर्गत तपासणी, अभिकल्प

प्रस्तावना

समुद्रतळावरून तेल अथवा वायू वाहून नेणाऱ्या पाइपलाइनची आतून तपासणी करावयाची झाल्यास वाहत्या प्रवाहाच्या दाबाने पुढे ढकलले जाणारे साधन तिच्यात सोडावे लागते. अभियंत्यांच्या व्यवहारात त्यास 'पिग' म्हणतात. पोलादी नळीतून घासत जाताना होणाऱ्या चिरक्या आवाजावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. त्यास मराठी प्रतिशब्द घडविण्याचा अट्टहास न केलेलाच बरा. ज्या दाबसह नळकांड्यातून हे साधन मुख्य वाहिनीत सोडले जाते ते म्हणजे लाँचर. जमिनीवर तो बहुधा आडवा असतो. समुद्रात मात्र डेकच्या प्रत्येक चौरस मीटरची किंमत पोलादाच्या वजनात मोजावी लागते. त्यामुळे तो उभा करून राइझरच्या माथ्यावर बसविण्याचा मोह अभिकल्पकाला होतो. 'उभा लाँचर जागा वाचवितो' हे या मोहामागील गृहीतक कितपत टिकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

वाचलेली जागा

उभ्या मांडणीचे गुण प्रथम नमूद करणे न्याय्य ठरेल. आडव्या लाँचरमध्ये साधनाचा भार खालच्या बाजूवर येतो आणि रबरी कप एकाच अंगाने दबतात. उभ्यात हा दोष उरत नाही. बॅरलचा व्यास मुख्य वाहिनीपेक्षा साधारणतः दोन ते चार इंच मोठा असतो. रिड्यूसरमध्ये पुढचा कप घट्ट बसला तरच मागून दिलेला दाब साधनाला ढकलू शकतो. आडव्या मांडणीत त्यासाठी साधन आत रेटावे लागते. उभ्या मांडणीत गुरुत्वाकर्षण साहाय्यास येते. गोळ्यांच्या व हलक्या सफाई-पिगच्या बाबतीत ही व्यवस्था समाधानकारक म्हणता येईल.

तपासणीचे साधन मात्र वेगळ्या जातीचे असते. भिंतीला चुंबकीय करून धातूची झीज शोधणारे साधन सांध्यांनी जोडलेल्या अनेक खंडांचे असते. चार-पाच मीटर लांबी त्यात असामान्य नाही, आणि मोठ्या व्यासात वजन एका टनाच्या पुढे जाते. समजा, साधन चार मीटर लांब आहे आणि लाँचरचे तोंड डेकपासून एक मीटर उंचीवर आहे. साधन तोंडाच्या वर पूर्ण उचलावयाचे, वर साखळी व हुकासाठी आणखी एक मीटर सोडावयाचा, म्हणजे हुक डेकपासून निदान सहा मीटर उंच हवा. वरचा डेक त्याआड आला तर त्यात झरोका ठेवावा लागतो, आणि त्या झरोक्याखाली व त्याभोवती दुसरे काही बसविता येत नाही. शिवाय साधन प्लॅटफॉर्मवर येते ते आडवे. त्यास उभे करण्यासाठी त्याच्याच लांबीची मोकळी जागा लागते. तलचित्रात वाचलेली जागा अशा रीतीने छेदचित्रात परत खर्ची पडते. आराखड्याची छाननी तलचित्रावरच थांबली की हा खर्च कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

खाली जाणारे वजन

गुरुत्वाकर्षण साहाय्य करते तसेच घातही करू शकते. जड साधन रिड्यूसरमध्ये न थांबता खाली घसरले तर बंद मुख्य व्हॉल्व्हवर आदळण्याचा धोका असतो. व्हॉल्व्हचे आसन दुखावले तर पुढे लाँचर वाहिनीपासून विलग करणेच अशक्य होते. म्हणून आधाराची सरकती खीळ, किंवा साधन व्हॉल्व्ह उघडेपर्यंत हुकावरच तोलून न धरता सुरक्षित बसेल अशी अन्य योजना आवश्यक ठरते. उलट, चुंबकीय साधन उतरविताना बॅरलच्या भिंतीला चिकटते आणि मध्येच अडकते. तेव्हा साखळी सैल पडते व खाली काय घडले हे वरून कळत नाही.

दाबाचेही तसेच. साधनाच्या केवळ मागे दाब दिला तर ते बंद व्हॉल्व्हवर झेपावते, केवळ पुढे दिला तर झाकणाकडे परत येते. यास्तव दोन्ही बाजू समतोल करणारी नळी हवी. ही नळी किरकोळ वाटते, आणि किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी काटकसरीत प्रथम वगळल्या जातात. हवा व वायू वर साठतात, म्हणजे नेमके झाकणाखाली. तेथे मुक्तिमार्ग नसेल तर दाबमापक शून्य दाखवीत असतानाही झाकण उघडणे धोक्याचे, कारण मापकाची वाट गाळाने तुंबलेली असू शकते. आडव्या लाँचरचे झाकण उघडणारा कामगार बाजूला उभा राहू शकतो. उभ्याच्या तोंडावर मात्र त्याला वाकावे लागते, आणि वायूत हायड्रोजन सल्फाइड असल्यास तो प्रथम त्याच्याच श्वासात जातो. झाकणाची यंत्रणा दाब असताना उघडूच नये अशी अडसरयुक्त असणे हा येथे ऐच्छिक गुण मानता येत नाही.

राइझरशेजारचे उचलणे

साधन पुरवठानौकेतून क्रेनने येते आणि लाँचर राइझरच्या माथ्यावर असतो; म्हणजे जड ओझे जिवंत राइझरच्या परिसरातून झुलत येते. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा दुर्घटनेत १६७ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ब्रिटनमध्ये राइझरवर आपत्कालीन व्हॉल्व्ह बसविणे बंधनकारक झाले. हे व्हॉल्व्ह पूर्ण व्यासाचेच हवेत, अन्यथा पिग त्यातून जाणार नाही. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ येथे आधारनौका 'समुद्र सुरक्षा' राइझरवर आदळून आग लागली, २२ जणांचा बळी गेला आणि प्लॅटफॉर्म नष्ट झाला. तो अपघात लाँचरचा नव्हता. पण राइझर हा प्लॅटफॉर्मचा किती हळवा अवयव आहे हे त्याने दाखविले. तेव्हा क्रेनचा मार्ग, नौका लागण्याची बाजू आणि लाँचरचे स्थान यांचा विचार स्वतंत्र विभागांनी स्वतंत्र कागदांवर करणे समर्थनीय वाटत नाही.

जुन्या प्लॅटफॉर्मचा प्रश्न

सर्वांत अवघड परिस्थिती आहे ती केवळ सफाईसाठी रचलेल्या जुन्या लाँचरची. बॅरल आखूड, डोक्यावर जागा अपुरी. परिणामी वाहिनी सुस्थितीत असो वा नसो, तिची आतून तपासणी पुढे ढकलली जाते, आणि समुद्राखालची झीज तोवर वाट पाहत नाही. येथे तपासणीपुरते बॅरल लांबविणारा तात्पुरता खंड फ्लँजने जोडणे हा व्यवहार्य मार्ग आहे, परंतु तो फ्लँज मूळ आराखड्यात ठेवला असेल तरच. नसेल तर मुख्य व्हॉल्व्हच्या वर कापाकापी व वितळजोड करावी लागते आणि त्या कामासाठी उत्पादन थांबवावे लागते. एका फ्लँजच्या जोडीची मूळची किंमत आणि थांबलेल्या उत्पादनाचा एक दिवस यांची तुलना कोणत्याही अभिकल्पकाला कागदावर सहज करता आली असती.